घेतलेले साहाय्य सांगण्यात कमीपणा नाही

(शिवडी येथे वैशाखी पौर्णिमेनिमित्त भरलेल्या उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण वाचकांसाठी येथे देत आहोत.)



आजच्या दिवशी धम्मावर प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही. ते काम भन्तेजींचे असून त्यांनी ते सकाळीच पार पाडले आहे. मी वकील आहे. लोकांचे अर्ज, नोटिसा व प्रतिज्ञापत्रे लिहिणे हा माझा रोजचा व्यवसाय. म्हणून लिहिण्याच्याच बाबतीतला एक प्रश्न मी आपणापुढे मांडणार आहे. हा प्रश्न नवा आहे. तो आपल्या घरांत शिरला आहे, परंतु त्याची चर्चा आपण अद्याप केलेली नाही.

प्रश्न असा आहे. घरातील मुलगी मोबाईलमधील यंत्राला सांगते की मला अमुक विषयावर निबंध लिहून दे. वडील सांगतात, महानगरपालिकेला अर्ज लिहून दे. मंडळाचा चिटणीस सांगतो, जयंतीचे भाषण लिहून दे. चॅटजीपीटी, जेमिनी अशा नावांची ही यंत्रे क्षणार्धात मजकूर तयार करून देतात आणि त्याखाली आपण आपले नाव घालतो. हे कोणी लिहिले, असे विचारले गेले तर काय उत्तर द्यावे? आणि कोणी विचारलेच नाही, तर आपण होऊन सांगावे की नाही? माझे मत असे आहे की सांगावे. हे मत मी कशाच्या आधारावर बनविले, ते आता सांगतो.

आपल्या आजोबांचा दस्त

आपल्यापैकी कोणाच्या घरी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा जमिनीचा अगर खोलीचा दस्त असेल, तर तो एकदा काढून पाहा. शेवटी डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी दिसेल. त्या निशाणीजवळ तो अंगठा कोणाचा हे लिहिलेले असेल आणि ज्याने तो मजकूर लिहिला त्या दस्तलेखकाचे नावही असेल. आपल्या आजोबांना अक्षर येत नव्हते. अक्षर येऊ नये अशीच व्यवस्था त्या काळच्या समाजाने केली होती. परंतु त्यांच्या कागदावर एक गोष्ट स्वच्छ होती. बोलणारा कोण व लिहिणारा कोण, हे तो कागद वाचणाऱ्यास कळत होते.

न्यायालयात आजही हाच रिवाज आहे. ज्यास वाचता येत नाही किंवा प्रतिज्ञापत्राची भाषा समजत नाही, त्याच्या प्रतिज्ञापत्राखाली मजकूर वाचून दाखविला व समजावून दिला अशी नोंद करावी लागते. ही नोंद त्या माणसाचा अपमान करण्यासाठी नसते. उलट, उद्या कोणी त्याच्या तोंडी भलतेच शब्द घातले तर ती त्याचे रक्षण करते. दुसऱ्याच्या हातून लिहून घेणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. लिहिणारा लपविणे, ही नवी गोष्ट आहे.

यंत्र काय करते व काय करीत नाही

चॅटजीपीटी हे यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर तशी अनेक यंत्रे आली. त्यांना अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो. त्या मजकुरात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्यांनी टिपून ठेवलेले असते. आपण प्रश्न विचारला म्हणजे यंत्र त्या संभवाच्या आधारे शब्दामागून शब्द मांडत जाते. काही यंत्रे इंटरनेटवर शोधही घेतात. पण मांडलेले वाक्य खरे आहे की नाही, याची जाणीव यंत्रास नसते आणि त्याची लाजही नसते.

याला कोणी कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, कोणी कृत्रिम प्रज्ञा म्हणतात. हे दुसरे नाव बौद्धांनी जपून वापरावे. मे १९५६ मध्ये बीबीसीवरील भाषणात बौद्ध धम्म आपणांस का आवडतो हे सांगताना बाबासाहेबांनी प्रज्ञा, करुणा व समता ही तीन तत्त्वे सांगितली. त्यांच्या लेखी प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धेला आणि अलौकिकाला नकार देणारी समज. यंत्राचे उत्तर गोड भाषेत आले म्हणून ते खरे मानणे ही एक नवी अंधश्रद्धा आहे. म्हणून मी त्याला नुसते यंत्र म्हणेन.

न्यायालयांत काय घडले

आता माझ्या व्यवसायातील उदाहरणे देतो. २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथील न्यायालयात एका विमानप्रवाशाचा दावा चालू होता. त्याच्या वकिलांनी आपल्या बाजूने काही जुने निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचून दिले होते. पक्षकारांची नावे, वर्ष, न्यायालय, सर्व काही खऱ्यासारखे होते. निवाड्याचा साचा यंत्रास ठाऊक असतो, त्यामुळे साच्यात बसणारे खोटे ते सहज तयार करते. वकिलांनी त्याच यंत्राला विचारले की हे निवाडे खरे आहेत काय, तेव्हा त्याने होय म्हटले. न्यायाधीशांनी जून २०२३ मध्ये पाच हजार डॉलर दंड केला. येथे एक बारीक मुद्दा ध्यानात घ्यावा. यंत्राचे साहाय्य घेणे हे मुळातच गैर आहे, असे न्यायाधीश म्हणाले नाहीत. निवाड्यांच्या खरेपणाविषयी शंका घेतली गेल्यावरही वकील त्या निवाड्यांना चिकटून राहिले, हा त्यांनी मोठा दोष मानला.

हे दूर अमेरिकेत झाले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकर आकारणीचे एक प्रकरण आले. त्यात सरकारी खात्यानेच एका कंपनीविरुद्ध तीन निवाड्यांचा आधार घेतला होता आणि ते तिन्ही निवाडे सापडेनात. उच्च न्यायालयाने ती आकारणी रद्द केली आणि यंत्राने पुढे केलेल्या माहितीवर आंधळेपणाने विसंबू नये, ती पडताळून घ्यावी, असे बजावले. पुढे जानेवारी २०२६ मध्ये त्याच न्यायालयाने एका पक्षकारास पन्नास हजार रुपये भरावयास लावले, कारण त्याने दाखल केलेल्या लेखी निवेदनात नसलेल्या निवाड्याचा हवाला होता. संशोधनास यंत्राचे साहाय्य घेण्यास न्यायालयाची हरकत नव्हती. पडताळणी न करता न्यायालयाचा वेळ खर्ची घातला, ही हरकत होती. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी नियमच केले. निष्कर्ष काढण्यासाठी किंवा निकाल देण्यासाठी यंत्र वापरू नये, आणि जेथे ते वापरले जाईल तेथे वापराची नोंद ठेवावी, असे त्यात आहे.

या सर्व प्रकरणांतून एकच गोष्ट निघते. कागदावर ज्याची सही, त्याची जबाबदारी. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यंत्र उभे राहू शकत नाही. शपथेवर खोटे सांगितल्याची शिक्षा यंत्रास होत नाही, सही करणाऱ्यास होते.

माझा स्वतःचा दोष

दुसऱ्यांचे दोष सांगितले, आता माझा सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका चाळीतील वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. वडिलांच्या मागे खोली त्यांच्या नावावर करण्याचा वाद होता आणि आलेल्या नोटिशीला उत्तर द्यावयाचे होते. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी यंत्राकडून मसुदा करून घेतला. त्यात दोन निवाडे होते. पहाटे मी ते ग्रंथात शोधले, तेव्हा एक मुळीच सापडला नाही आणि दुसरा वेगळ्याच विषयावरचा निघाला. मी दोन्ही काढून टाकले, खरे निवाडे शोधून घातले आणि उत्तर मुदतीत पाठविले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही उणे राहिले नाही.

परंतु सकाळी ते गृहस्थ आले, मसुद्याकडे पाहून म्हणाले, "वकीलसाहेब, माझ्यापायी तुम्ही रात्रभर बसून एवढे लिहिलेत." मी काही बोललो नाही. नुसती मान हलविली. फी पूर्ण घेतली.

बंधूंनो, मी खोटा शब्द उच्चारला नव्हता. पण त्या मान हलविण्याने मी त्यांच्या मनात एक खोटी समजूत तशीच राहू दिली. महिनाभराने मी त्यांना बोलावून खरे सांगितले. मसुदा यंत्राचा होता, तपासणी माझी होती, हे सांगितले आणि फीतील काही भाग परत केला. त्यांनी रागावावे अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "साहेब, आमच्या बापाने अंगठा उठवला त्या कागदावर लिहिणाऱ्याचे नाव होते. तुमच्या कागदावर का नसावे?" दस्ताचे उदाहरण मी आज तुम्हांस दिले, ते त्यांचे आहे. त्या दिवसापासून कोणत्याही पक्षकाराच्या कामात यंत्र वापरले असल्यास मी ते आधी सांगतो. शिवाय, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली खाजगी हकीकत, नावे व कागद मी यंत्रापुढे ठेवीत नाही. वकिलावर तसे बंधनच आहे, आणि ते नसते तरी माझ्यावर ठेवलेला विश्वास यंत्रास वाटून देण्याचा मला अधिकार नाही.

भगवंतांचा राहुलास उपदेश

आज सकाळी आपण सर्वांनी पंचशील ग्रहण केले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची व चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. न घडलेल्या श्रमाचे श्रेय घेणे हे या दोन्ही शीलांच्या सीमेवरचे कृत्य आहे. ते खोट्यातही मोडते आणि न दिलेले घेण्यातही मोडते.

मज्झिम निकायात अम्बलट्ठिका येथील राहुलोवाद सुत्त आहे. राहुल लहान होता. भगवंतांनी भांड्यात थोडे पाणी ठेवून त्यास विचारले की हे थोडेसे पाणी दिसते काय. मग जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्यास लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व एवढेच, असे सांगितले. नंतर ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उताणे करून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी तोच धडा दिला. पुढे आरशाचा दृष्टान्त आहे. आरशात जसे पाहतो तसे प्रत्येक कर्माकडे करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यानंतर पाहावे. आणि केल्यानंतर ते कर्म चुकीचे होते असे दिसले तर? भगवंत म्हणाले नाहीत की मनात पश्चात्ताप करून गप्प बस. शास्त्यापुढे किंवा समजदार सहकाऱ्यांपुढे ते उघड करावे आणि पुढे संयम पाळावा, असे त्यांनी सांगितले. उघड करणे हा शीलाचाच भाग आहे.

सम्राट अशोकास हे सुत्त इतके मोलाचे वाटले की राजस्थानातील बैराट येथील शिलालेखात त्याने धम्मातील जी सात प्रकरणे वारंवार ऐकावीत म्हणून सांगितली, त्यांत खोटे बोलण्याविषयीचा राहुलास केलेला हा उपदेश आहे. आणि तो लेख भिक्खू-भिक्खुणींपुरता नाही. उपासक व उपासिकांनीही ती प्रकरणे ऐकावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे तो तुम्हांआम्हांस उद्देशून आहे.

आपली विशेष अडचण

आता कोणी म्हणेल की हे सर्व ठीक आहे, पण आपली अडचण निराळी आहे. ही हरकत मी खरी मानतो. आपला मुलगा चांगले लिहू लागला की "तुला कोणी लिहून दिले?" हा प्रश्न त्याच्या वाट्याला पिढ्यानुपिढ्या आलेला आहे. दुसऱ्याच्या मुलास शाबासकी मिळते तेथे आपल्या मुलाची चौकशी होते. अशा स्थितीत आपण होऊन सांगितले की यंत्राचे साहाय्य घेतले, तर लोक म्हणतील, पाहा, आम्ही म्हणतच होतो. म्हणून झाकावे, असे वाटते.

याविषयी येथेच घडलेली एक हकीकत सांगतो. जयंतीच्या एका निबंधस्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलीने आपल्या आजीवर निबंध लिहिला होता. आजी कापसाच्या गोदामात कामाला जात असे. निबंध सुबक होता. दुसरे परीक्षक म्हणाले, एवढी शुद्ध भाषा हिची नव्हे. मुलीस बोलावून विचारले, तेव्हा ती प्रथम नाही म्हणाली आणि मग रडू लागली. तिने यंत्राकडून भाषा सुधारून घेतली होती. पण तिच्यापाशी वही होती. तीत तिच्या हाताने, खाडाखोड करून, घरच्या बोलीत सर्व लिहिलेले होते. आम्ही ती वही वाचली. वहीत होते, "आजीच्या नाकातोंडात रुई जायची." यंत्राने ते सुधारून "आजीला श्वसनाचा त्रास होत असे" असे केले होते. कोणते वाक्य आजीचे आहे, हे मी तुम्हांस सांगावयास नको.

बक्षीस आम्ही वहीला दिले. समारंभात तिने वहीच वाचून दाखविली. यंत्राचे साहाय्य तिने पहिल्याच ओळीत सांगितले असते तर तिला रडावे लागले नसते. तिला वाचविले ते वहीने. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की आपला पहिला मसुदा, मग तो कितीही वेडावाकडा असो, जपून ठेवा. संशय घेणाऱ्यापुढे तो तुमचा पुरावा आहे.

आणि साहाय्य सांगितल्याने माणूस लहान होतो, ही समजूत बाबासाहेबांनीच खोटी ठरविली आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीत समारोपाचे भाषण केले. २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता अशा विसंगतीत प्रवेश करणार आहोत, हा त्यातील इशारा आपणा सर्वांस पाठ आहे. परंतु त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आपण विसरतो. सभासदांनी त्यांच्यावर स्तुतीचा वर्षाव केला होता. बाबासाहेबांनी उभे राहून सांगितले की हे श्रेय सर्वस्वी माझे नाही. काही श्रेय घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचे आहे, कारण मसुदा समितीच्या विचारार्थ पहिला कच्चा मसुदा त्यांनी तयार केला. काही श्रेय १४१ दिवस बसलेल्या मसुदा समितीच्या सदस्यांचे आहे. आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा आहे, ज्यांनी किचकट प्रस्ताव सोप्या व स्वच्छ कायद्याच्या भाषेत बसविले. मध्यरात्रीनंतरही काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख करावयासही ते विसरले नाहीत.

विचार करा, त्या सभागृहात आपल्या योग्यतेविषयी शंका घेतली जाण्याची भीती कोणास अधिक असावयास पाहिजे होती? शाळेत ज्यास वेगळे बसविले त्यास. तरीही त्याने सर्व देशापुढे आपल्या साहाय्यकांची नावे घेतली. त्याने त्याचे शिल्पकारपण कमी झाले काय? ज्याच्यापाशी स्वतःचे असे काही आहे, त्यास दुसऱ्याचे सांगण्याची भीती वाटत नाही.

मी यंत्रास राव अगर मुखर्जी यांच्या पंक्तीस बसवीत नाही. ती माणसे होती व आभारास पात्र होती. यंत्रास आभाराची गरज नाही. आपण सांगतो ते यंत्रासाठी नव्हे. जो आपले लिखाण वाचतो व त्यावर विश्वास ठेवतो, त्यासाठी सांगतो.

कोठे सांगावे, कोठे विशेष जपावे

प्रत्येक चिठ्ठीवर यंत्राचे नाव घालावे, असे माझे म्हणणे नाही. शुद्धलेखन तपासले, एखाद्या शब्दाचा अर्थ पाहिला, तर ते शब्दकोश पाहण्यासारखे आहे. परंतु हे कळल्यावर वाचणाऱ्याचे मत बदलेल काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर होय असेल तर सांगावे. परीक्षेचे गृहपाठ, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धेतील लेखन, मंडळाच्या नावाने निघणारी पत्रके आणि सभेतील भाषणे यांत ते सांगितलेच पाहिजे. जेथे शाळेने किंवा संस्थेने यंत्र वापरण्यास मनाई केली असेल, तेथे वापरून सांगणे हाही उपाय नव्हे. तेथे वापरूच नये. सांगण्यास मोठा मजकूर लागत नाही. "माहिती माझी आहे, भाषा यंत्राच्या साहाय्याने नीट केली, मजकूर मी वाचून तपासला आहे," एवढे एक वाक्य पुरे. पण शेवटचे तीन शब्द खरे असल्याशिवाय ते लिहू नका.

दोन बाबतींत विशेष जपावे. पहिली बाब हक्कांची. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील तरुण मला विचारतात की धर्मांतरामुळे अनुसूचित जातीच्या सवलती जातात काय. एकाने हा प्रश्न यंत्रास विचारला आणि त्याने जातात असे उत्तर दिले. तो घाबरून गेला. कायदा असा आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात प्रथम हिंदूंचीच गणना होती. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. म्हणून अनुसूचीतील जातीच्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला, तर त्याच्या सवलती केंद्रातही टिकतात. मात्र बौद्ध ही स्वतंत्र जात अनुसूचीत नाही, त्यामुळे दाखल्यावर अनुसूचीतील मूळ जात व बौद्ध धर्म या दोन्हींचा मेळ बसावा लागतो. यंत्र जुना मजकूर वाचून १९९० पूर्वीचे उत्तर देऊ शकते. असे उत्तर पडताळल्याशिवाय, आणि ते कोठून मिळाले हे सांगितल्याशिवाय, शेजाऱ्यास देऊ नका. तुमच्या तोंडून निघालेला चुकीचा सल्ला ऐकून एखादे कुटुंब आपला धर्म लपवील, आणि ती हानी भरून निघणार नाही.

दुसरी बाब वचनांची. भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या नावावर रोज नवी वचने व्हॉट्सॲपवर येतात. आता त्यांच्या आवाजाची नक्कल आणि बोलती चित्रेही तयार होतात. महापरिनिब्बान सुत्तात याविषयी नियम घालून दिलेला आहे. मी हे प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले, असे जरी कोणी म्हणाला, तरी त्याचे अभिनंदनही करू नये व धिक्कारही करू नये. ते सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही तथागतांच्या उपदेशाचा विपर्यास कसा होत गेला, याची उदाहरणे सुत्तांतूनच दिली आहेत. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडरूपाने प्रसिद्ध केली आहेत. जे वचन तेथे सापडत नाही, ते बाबासाहेबांचे म्हणून फलकावर लिहू नका. यंत्राकडून चित्र करून घेतले असल्यास चित्राखाली तसे लिहा. ज्या महापुरुषाने आयुष्यभर एकेक विधान पुराव्यानिशी केले, त्याच्या तोंडी आपण बनावट वाक्य घालावे, याहून मोठी कृतघ्नता नाही.

ऐकणाऱ्यांचे कर्तव्य

शेवटी एक गोष्ट सांगून पुरे करतो. आतापर्यंत मी सांगणाऱ्याचे कर्तव्य सांगितले. ऐकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. मुलगा प्रामाणिकपणे सांगेल की यंत्राचे साहाय्य घेतले, आणि आपण त्यास हसू, तर दुसऱ्या दिवसापासून कोणीही काही सांगणार नाही. मग झाकाझाकीचा दोष मुलांचा नसेल, आपला असेल. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघास विनंती करतो की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगा. अनुकंपेने, हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत, अभ्यासिकेत आणि विहारात मुलांना खरे सांगता येईल अशी जागा आपण ठेवली पाहिजे.

म्हणून या भाषणाचाही हिशेब देतो. हे भाषण मी हाताने लिहिले. यंत्रास दोन गोष्टी विचारल्या. राहुलास केलेला उपदेश कोणत्या निकायात आहे, हे त्याने बरोबर सांगितले आणि मी ते ग्रंथात पाहून घेतले. बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाचा सारांश मागितला, तेव्हा त्याने एक मोठे सुंदर वाक्य बाबासाहेबांचे म्हणून दिले. घटना समितीच्या छापील वृत्तांतात ते मला कोठेही सापडले नाही. ते वाक्य येथे म्हटले असते तर तुम्ही टाळ्या वाजविल्या असत्या. मी ते गाळले आहे.

आपल्या आजोबांना लिहिता येत नव्हते, तरी त्यांच्या कागदावर लिहिणाऱ्याचे नाव होते. आपल्याला लिहिता येते. आपला कागद त्यांच्या कागदापेक्षा कमी स्वच्छ असू नये, एवढेच माझे मागणे आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.